न ओढलेल्या बिडीचा त्याग

गोपालरावांचे ओठ काळे पडले होते आणि याबद्दल खुद्द गोपालरावांची काहीएक तक्रार नव्हती. आपले ओठ आपल्याला दिसत नाहीत, ज्यांना दिसतात त्यांनी कधी काही म्हटलेलं नाही, आणि जेवताना, चहा पिताना, मारोतीचं नाव घेताना ते व्यवस्थित चालतात. माणसाला सुखी राहायला एवढं पुष्कळ झालं. ते गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. तिथे 'शांतता राखा' अशी पाटी होती, पण तिची गरज नव्हती. लोक गोपालरावांकडे बघूनच हळू बोलायला लागत. सकाळी नऊपर्यंत गावाबाहेरच्या दीड एकरातली वांगी आणि मिरची, अकरापासून पुस्तकं. दोन्हीकडे बोलावं लागत नाही, म्हणून दोन्ही कामं त्यांना जिवापाड आवडत.

हे सुख मोडलं ते त्यांच्या मुलीनं.

वैजयंतीच्या आयुष्याचे दोन भाग होते. रिसोडच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर येण्याआधीचा, आणि नंतरचा. आधीच्या भागात ती हजेरीला 'हजर' म्हणायचीसुद्धा शेजारच्या पोरीला कोपर मारून. नंतरच्या भागात नववीतली ही मुलगी मीठ मागायची तेव्हाही तिचा उजवा हात आपोआप वर जायचा. "आई, मला असं ठामपणे वाटतं, की या भाजीत मीठ कमी आहे!" आई, म्हणजे शीलाबाई, पोळी लाटता लाटता म्हणायच्या, "वाटते तं घे ना मंग. डबा का दिल्लीत हाय?"

तर त्या वर्षी शाळेनं तंबाखूमुक्त व्हायचं ठरवलं. म्हणजे शाळा आधी तंबाखू खात होती असं नाही. पण कागदोपत्री मुक्त व्हायचं तर आधी समारंभ लागतो. मुख्याध्यापक गोविंदसिंग सरांनी वैजयंतीला 'व्यसनमुक्ती दूत' नेमलं, समारंभातलं मुख्य भाषण तिला दिलं, आणि पायऱ्यांजवळ एक मोठं चित्र लावलं. डावीकडे तंबाखू न खाणाऱ्याचे ओठ, गुलाबी, हसरे. उजवीकडे बिडी ओढणाऱ्याचे ओठ, काळे, खाली वळलेले. "दूताच्या घरी," सर म्हणाले, "उजवीकडचे ओठ सापडता कामा नयेत. काय?"

"नाही सर!" वैजयंती म्हणाली आणि घरी आली. ताट वाढलं. समोर बाबा बसले होते. त्यांनी घास घ्यायला तोंड उघडलं आणि तिचा हात पोळीवरच थबकला.

उजवीकडचे.

आता इथे एखादी आधीच्या भागातली वैजयंती असती, तर तिनं विचारलं असतं, बाबा, तुमचे ओठ असे कशानं झाले? तीन सेकंदांचं काम होतं. पण नंतरच्या भागातल्या वैजयंतीला प्रश्न पडत नसत, तिला थेट उपाय सुचत. समारंभाला तीन आठवडे होते. तीन आठवड्यांत बाबांचे ओठ गुलाबी करायचे, त्यांना पहिल्या रांगेत बसवायचं आणि चित्राच्या डाव्या बाजूसारखं हसवायचं, असा तिनं निश्चय केला.

पहिला उपाय बीट. मोबाईलवर एक ताई सांगत होती की बिटाची चकती रोज ओठांवर घासली की आठ दिवसांत फरक. वैजयंतीनं फरक लवकर पडावा म्हणून सकाळी निघायच्या आधी चांगली दहा मिनिटं घासली. गोपालराव मुकाट्यानं तोंड पुढे करून बसले. फरक पडलाच. वाचनालयात रोज पेपर वाचायला येणारे म्हातारे नानाजी, जे दर अर्ध्या तासाला बाहेर जाऊन एक बिडी ओढून येत, त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "काय ग्रंथपाल, सकाळी सकाळी पान? तंबाखूचं का गोड?"

गोपालराव म्हणाले, "बीट हाय."

"हौ, सारेच बीट म्हनतात," नानाजी म्हणाले, आणि दुपारपर्यंत अख्ख्या गावाला कळलं की ग्रंथपाल लपून तंबाखूचं पान खातो.

दुसरा उपाय लिंबू आणि साखर. याचं सविस्तर वर्णन करवत नाही. दोन दिवस गोपालरावांना चहा बशीत ओतून, फुंकून फुंकून, डोळे मिटून प्यावा लागला. ओठांना भेगा पडल्या आणि भेगा काळ्याच होत्या.

मग शेजारच्या तुळसाकाकू आल्या. काकूंना कुणी बोलावलं नव्हतं, पण काकूंना बोलवावं लागतही नसे. त्यांनी उंबऱ्यात बसून गोपालरावांच्या तोंडाकडे असं बघितलं, जसं बाजारात वांगं किडकं आहे का बघतात.

"बेंबीत तूप सोड म्हना," काकू म्हणाल्या. "ओठाची शीर बेंबीत राह्यते."

बेंबीत तूप सोडलं. ओठाच्या शिरेला ते पोचलं की नाही माहीत नाही, सदऱ्याला पोचलं. पोटावर मधोमध तुपकट डाग घेऊन गोपालराव वाचनालयात गेले. दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "मंग बिब्बा लाव. थोडासाच. वरची साल निंगून जाते."

तेव्हा मात्र शीलाबाई लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "काकू, बिब्बा उतला तं साल काय, थोबाडच निंगून जाईन यायचं! तुमच्या मानसाले लावा आधी."

काकूंना राग आला. रागावलेल्या माणसाला खरं बोलायची फार घाई होते. त्या पदर झटकून उठल्या आणि वैजयंतीला म्हणाल्या, "मले काय करा लागते? आमच्या वावराच्या धुऱ्यावरून सारं दिसते. तुये बाबा वांग्यात उकिडवे बसतात, इकडं तिकडं पाहतात, तोंडात काहीतरी घालतात बारीकसं, अन् फू फू करतात. मंग थुकतात. आता मी अडानी बाई. शिकलेल्या लोकायच्यात त्याले काय म्हनतात, मले का मालूम!"

वैजयंतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. (हा उजेड फार फसवा असतो. त्यात जे दिसतं ते सगळं स्पष्ट दिसतं आणि सगळं चूक असतं.) बाबांच्या खिशात काडेपेटी असते, हे तिला आठवलं. ती वावरातल्या मोटरच्या पेटीजवळच्या मारोतीला उदबत्ती लावायला असते, हेही तिला माहीत होतं. पण त्या क्षणी ते आठवलं नाही. बाबा सकाळी वावरातून आले की आधी चूळ भरतात, हे आठवलं. आपले बाबा, एवढे शांत, एवढे साधे, आणि आतून बिडी! तिला रडू आलं आणि त्याच वेळी, हे तिनं नंतर कुणालाच सांगितलं नाही, पण भाषणाला काय जबरदस्त शेवट मिळाला असंही वाटून गेलं.

आधी डॉक्टर, असं तिनं ठरवलं. पुरावा पाहिजे. बाबांना घेऊन ती जीपनं तालुक्याच्या दवाखान्यात गेली. केसपेपरच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं, "तक्रार काय?"

"ओठ," वैजयंती म्हणाली.

"दुखतात?"

"नाही. काळे आहेत."

त्या माणसानं मागच्या रांगेकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. "काळे आहेत ही तक्रार नाही. रंग आहे तो. तक्रारीच्या रकान्यात रंग कसा लिहू?" शेवटी 'तोंड' असं लिहून त्यानं दातांच्या खोलीत पाठवलं. दातांच्या खोलीत दात उत्तम निघाले. तिथून कातडीच्या खोलीत. ती खोली गुरुवारी उघडायची आणि वार होता मंगळवार. गुरुवारी पुन्हा जीप. दोन दिवस गोपालरावांना वाचनालय बंद ठेवावं लागलं, आणि नानाजी पायरीवर पेपराविना बसून होते.

कातडीच्या डॉक्टरीण बाई समजूतदार होत्या. त्यांनी बॅटरी मारून ओठ पाहिले, बोट फिरवलं. "लिंबू कुणी लावलं?"

वैजयंती छताकडे पाहू लागली.

"ओठाचं कातडं पातळ असतं. घासायचं नाही, सोलायचं नाही," बाई म्हणाल्या. "साधं व्हॅसलिन लावा. उन्हात टोपी घाला. ओठ सारखे चाटता का? नाही ना? बरं. ओठ काळे पडायला पन्नास कारणं असतात. ऊन असतं, कडक चहा, बिडी-सिगारेट, कुणाला टूथपेस्ट सोसत नाही, कुणाच्या अंगात रक्त कमी असतं. ओठाला रोज रोज काहीतरी लागत राहिलं, खाजवणारं, जळजळणारं, तरी काळे पडतात. ते थांबवलं की हळूहळू उतरतं. तुम्ही सांगा, तुमच्या ओठाला रोज काय लागतं?"

गोपालरावांनी विचार केला. ते कुठलंही उत्तर द्यायच्या आधी विचार करत, हीच त्यांची अडचण होती. मग म्हणाले, "मॅडम, मी सकाळी वावरात नळी—"

"बिडी!" वैजयंती म्हणाली.

"वैजू, मी कदी—"

"बाबा, लाजू नका. मान्य करणं हीच मुक्तीची पहिली पायरी असते!" हे वाक्य तिच्या भाषणातलं होतं. डॉक्टरीण बाईंनी एकदा बापाकडे पाहिलं, एकदा लेकीच्या वर गेलेल्या हाताकडे पाहिलं, बाहेर उभ्या चाळीस माणसांकडे पाहिलं आणि कागदावर 'बिडी' असं लिहिलं. गोपालरावांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. परतीच्या जीपमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. वैजयंतीला वाटलं, पश्चात्ताप.

समारंभाचा दिवस आला. मांडव, सतरंज्या, पाचशे माणसं, पाहुणे. गोपालराव इस्त्रीचा सदरा घालून, ओठ गुलाबी झाले नाहीत म्हणून पहिल्याऐवजी तिसऱ्या रांगेत बसले होते, ओठांवर व्हॅसलिन चमकत होतं. वैजयंती बोलायला उभी राहिली आणि खरंच सांगायचं तर काय बोलली ती! आकडे बोलली, दोहा म्हटला, हात असा फिरवला की पाहुण्यांनी डोकं मागे घेतलं. टाळ्या पडल्या. टाळ्यांचं असं असतं, एक पडली की दुसरीची भूक लागते. आणि तिच्याजवळ शेवट तयार होता.

"आणि बंधू-भगिनींनो, मी दुसऱ्यांना सांगत नाही! दिव्याखालचा अंधार मी आधी पाहिला! माझ्या स्वतःच्या घरात, माझे स्वतःचे बाबा... होय, ते बिडी ओढतात! पण आज ते तुमच्यासमोर बिडी सोडणार आहेत! बाबा, या!"

मांडवातल्या सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. बायकांच्या बाजूला शीलाबाईंनी पदर कपाळाखाली ओढला. गोपालराव बसूनच होते. त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिचा हात अजून वर होता आणि तो थोडा थरथरायला लागला होता. मग ते उठले. माणसांच्या गुडघ्यांतून वाट काढत, "जरा सरका, जरा सरका" म्हणत स्टेजवर आले.

गोविंदसिंग सरांनी माईक त्यांच्या तोंडाजवळ धरला. "म्हणा. मी आजपासून बिडी सोडत आहे."

गोपालराव म्हणाले. वाचनालयाच्या आवाजात.

"ऐकू आलं नाही! जोरात!"

मग त्यांनी जोरात म्हटलं. त्यांचा एवढा मोठा आवाज गावानं पहिल्यांदा ऐकला. शेवटी तो थोडा चिरकला. पाहुण्यांनी नारळ दिला, प्रमाणपत्र दिलं आणि फोटो काढला. त्या फोटोत वैजयंती हसते आहे.

पुढचे पंधरा दिवस गोपालराव गावातले प्रसिद्ध पुरुष होते. पिठाच्या गिरणीवर लोक त्यांच्या पाठीवर थाप मारत. "वा भाऊ! कित्ती वर्षांची सवय होती?" चहावाला त्यांच्यासमोर दुसऱ्या गिऱ्हाइकाला बिडी ओढू देईना, "त्यायले तलफ येईन ना बाप्पा!" आणि नानाजी वाचनालयात येऊन कुजबुजत विचारू लागले, "पह्यले चार दिवस कसे काढले तुमी? सांगा ना. मले बी सोडाची हाय."

गोपालरावांनी विचार केला. "शेंगदाणे खा," ते म्हणाले.

रविवारी शीलाबाईंनी वैजयंतीला डबा घेऊन वावरात पाठवलं. ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर आली आणि तिथेच उभी राहिली. बाबा वांग्यांत उकिडवे बसले होते, पाठमोरे. काहीतरी बारीक, काळं, तोंडाला लावलेलं. गाल फुगले होते. फू. फू. मग थुंकले.

शपथ मोडली! पंधरा दिवसांत! तिच्या तोंडात पूर्ण भाषण तयार झालं, सुरुवात-मध्य-शेवटासकट, आणि ती डबा हिंदकळत, वाफ्यांतून धावत सुटली. "बाबा! तुम्ही शपथ घेतली होती!"

गोपालराव वळले. त्यांच्या ओठांत ठिबकच्या नळीचं ते बटण होतं, ज्यातून झाडाच्या बुडाशी थेंब थेंब पाणी पडतं. हनुवटीवरून गढूळ पाणी ओघळत होतं. त्यांनी ते तोंडातून काढलं, हातावर आपटलं, उजेडाकडे धरून भोक मोकळं झालं का पाहिलं आणि नळीला परत बसवलं. थेंब पडला. दुसरा पडला.

"काय झालं बेटा? डबा सांडला का?"

वैजयंतीच्या तोंडातलं भाषण, सुरुवात-मध्य-शेवटासकट, कुठे गेलं कळलं नाही.

"हे... हे काय करून राह्यले तुमी?" ती आधीच्या भागातल्या आवाजात म्हणाली.

"चोंदतात ना वं हे. आपल्या विहिरीचं पानी खारट. त्याच्यात खत सोडतो, क्षार बसते. टाचणी घातली तं भोक मोठं होते, मंग एकच झाड सारं पानी पेते. फुकलं की मोकळं."

"रोज फुंकता?"

"दोन दिवसाआड. अर्धे अर्धे."

तिनं एक बटण नळीतून उपसलं, ओठांना लावलं आणि फुंकलं. आत जे होतं ते आधी जिभेवर आलं. कडू, खारट आणि जळजळणारं. चुरचुर ओठांवर बराच वेळ राहिली. ठिबक बसवल्यापासून, म्हणजे वर्षभर, बाबा हेच फुंकत होते. त्याच ओठांवर तिनं लिंबू चोळलं होतं.

"डॉक्टर मॅडमले काहून नाही सांगतलं?"

"सांगतच होतो."

"मंग?"

"तू बोलून राह्यली होती," गोपालराव म्हणाले. रागानं नाही, तक्रारीनंही नाही. पाऊस पडत होता म्हणून आलो नाही, असं माणूस सांगतो तसं.

"अन् स्टेजवर? स्टेजवर तरी सांगाचं होतं!"

"तिथं तं माईक तुयाजवळ होता."

वैजयंती वाफ्याच्या कडेला बसली. "मंग उठले कायले तुमी? बसून राह्यचं होतं."

गोपालरावांनी डब्याचं झाकण उघडलं, भाजीचा वास घेतला, परत लावलं. "तू नाव घेतलं ना माहं. पाचशे लोकायसमोर. नसतो उठलो तं तू खोटी पडली असती. तुया हात कापून राह्यला होता, पाह्यलं मी."

तेवढ्यात पलीकडच्या धुऱ्यावरून तुळसाकाकूंचा आवाज आला. "अवं माय! आता पोरगीबी!"

दुसऱ्या दिवशी वैजयंती गोविंदसिंग सरांकडे गेली आणि म्हणाली की सगळं चुकलं, बाबा बिडी कधीच ओढत नव्हते. सरांनी पेन खाली ठेवलं. "बेटा, माहिती वर गेली. व्यसन सोडलेले पालक, एक. आता शून्य कसं करायचं? बरं, शून्य केलं तर ते प्रमाणपत्र कशाचं?" तरी ते दयाळू होते. म्हणाले, त्यांनी कधीच बिडी ओढली नाही असा डॉक्टरांचा दाखला आण. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, सोडल्याचा दाखला देता येतो. न ओढल्याचा छापील नमुनाच नसतो. शेवटी तिनं शाळेच्या परिपाठात माईक घेतला आणि हात न उचलता, अडखळत, सगळं खरं सांगितलं. एवढं वाईट ती कधीच बोलली नव्हती. मग मागून कुणीतरी म्हणालं, "बापाची इज्जत वाचवून राह्यली बिचारी," आणि आजवरच्या सगळ्यात मोठ्या टाळ्या पडल्या.

खोट्यासाठी एक वाक्य पुरलं होतं. खऱ्यासाठी तिच्याजवळचे सगळे शब्द घातले तरी ते पुरेना.

घरी आली तेव्हा बाबा स्टुलावर चढून भिंतीत खिळा ठोकत होते. काखेत ते प्रमाणपत्र, काच बसवलेलं.

"बाबा, नका लावू ते! फाडून टाका. मी सगळ्यांच्या घरी जाऊन सांगते, एकेकाले."

"राहू दे," गोपालराव म्हणाले. "नानाजीनं अकरा दिवसांपासून बिडी नाही पेली. मी पेतच नव्हतो म्हनलं तं मानूस उद्या बंडल घेऊन बसन."

हे कारण चांगलं होतं, पण खरं नव्हतं. ते तिला दिसलं, कारण प्रमाणपत्र खिळ्याला अडकवून ते सरळ लागलं का हे पाहायला बाबांनी मान मागे घेतली आणि बोटानं खालच्या एका ओळीवरची काच पुसली. वरती मोठ्या अक्षरांत, बिडीचे व्यसन सोडल्याबद्दल श्री. गोपाल यांचा गौरव. आणि अगदी खाली बारीक: प्रेरणा, कु. वैजयंती.

"तुयं नाव हाय ना त्याच्यावर," ते म्हणाले.

वैजयंतीला पुष्कळ बोलायचं होतं. ती बोलली नाही. ओसरीवर गेली, सायकलचा हवेचा पंप काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या मागे वावरात गेली. पंपाच्या तोंडाला बटण नीट बसत नाही, चिंधी गुंडाळावी लागते, आणि तीन दाबांत एक मोकळं होतं. बाबा पुढच्या ओळीत चोंदलेली बटणं काढून देतात, ती मागून हवा मारते. दीड एकरात दोघं असतात आणि फुस्स फुस्स एवढाच आवाज असतो.

मध्येच बाबा थांबतात आणि काहीतरी सांगायला तोंड उघडतात. ओठ अजून काळेच आहेत. डॉक्टरीण बाईंनी वेळ लागेल म्हणून सांगितलं होतं. विचार करायला त्यांना बराच वेळ लागतो. वैजयंती पंप खाली ठेवते आणि थांबते.